कशासाठी हवंय?

सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देणारी माणसं मुंबईत पैशाला पासरी मिळतील, पण सरळ प्रश्नाला उत्तर देणं हेच मुळात पाप आहे असं मनापासून मानणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती आमच्या डोक्यावर राहायची. म्हणजे मुलुंडला आमच्या सोसायटीत आम्ही पहिल्या मजल्यावर आणि त्या दुसऱ्या, बरोब्बर आमच्या स्वयंपाकघराच्या वर. अख्खी बिल्डिंग त्यांना वरच्या मावशी म्हणायची. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांच्या हिशेबानं खरं तर त्या खालच्या, पण तेही वरच्या मावशीच म्हणायचे, कारण त्यांच्याशी बोलताना माणसाला आपण खाली उभे आहोत असंच वाटायचं.

आईनं मला लहानपणी कितीदा तरी त्यांच्याकडे वाटीभर साखर आणायला पाठवलं असेल. मावशी दार उघडायच्या, वाटीकडे बघायच्या आणि विचारायच्या, "कशासाठी हवीय?" एकदा मी सांगितलं, पाहुणे आलेत, आई लिंबाचं सरबत करतेय. त्यावर कोणते पाहुणे, कुठून आले, कसे आले, येताना खोकत होते का, अशी सगळी चौकशी झाली. मी भाबडेपणानं "हो, खोकत होते" म्हटलं आणि फसले. साखर राहिली बाजूला, मावशी आल्याचा काढा घेऊन स्वतः खाली आल्या आणि पाहुण्यांना समोर बसून पाजला. आई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही. पाहुण्यांचा खोकला मात्र त्याच संध्याकाळी थांबला, हे आईला जास्त लागलं. "तू साखर मागितलीस," मावशी मला नंतर म्हणाल्या, "पण तुला हवं होतं ते वेगळंच. माणसं नेहमी चुकीची वस्तू मागतात गं."

त्यांच्या घरात वस्तू कुठे ठेवायच्या याचे नियम जगावेगळे होते. डाळी एकीकडे, मसाले दुसरीकडे असला सोपा कारभार नाही. वस्तू कशाची आहे यापेक्षा ती कधी लागते हे महत्त्वाचं. त्यामुळे त्यांच्याकडे पोटदुखीचा एक खण होता, त्यात ओवा, हिंग, काळं मीठ आणि काकांच्या इन्कम टॅक्सचे कागद. काका म्हणजे मावशींचे यजमान, बँकेत होते, अतिशय गरीब माणूस. लग्नानंतर लगेचच त्यांनी एकदा "माझे मोजे कुठायत?" असं विचारलं होतं म्हणे. मावशींनी मोजे कुठे आहेत हे माहीत असूनही सांगितलं नाही. काल घरी आल्यावर आधी कुठे बसलात, डावा मोजा आधी काढलात की उजवा, असं विचारत विचारत त्यांनी काकांकडूनच मोजे शोधून घेतले. बँकेला उशीर झाला तो झालाच. तेव्हापासून काका मोजे घालूनच झोपत असत, असं आमच्या बिल्डिंगचं ठाम मत होतं.

तर ही बाई नोकरीला कुठे होती? आमच्या विद्यापीठाच्या विज्ञान ग्रंथालयात, नव्या विद्यार्थ्यांना मदत करण्याच्या टेबलावर. ज्यानं कुणी त्यांची नेमणूक केली तो एक तर फार मोठा विनोदी असणार किंवा फार मोठा द्रष्टा.

मी बी.एस्सी. करून एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश घेतला ती ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बाबा गिरणीत रंगखात्यात होते आणि गिरणी बंद होती. बाबा दिवसभर गॅलरीत बसून असायचे. मी शिकून पटकन कुठेतरी चिकटावं असं घरात सगळ्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. पहिल्या दिवशी मी ग्रंथालयात गेले ती जरा ऐटीतच, कारण ओळखीचं माणूस आत होतं. सकाळीच आमच्या घरी मावशींनी माझ्या हातचा चहा घेतला होता. मी टेबलाशी जाऊन हसले. मावशींनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आपलं ओळखपत्र?" मला वाटलं गंमत करतायत. पण नाही. ग्रंथालयात मी 'आपण' होते आणि घरी येताना बसमध्ये बसल्याबरोबर परत 'अगं बाई, ती कणिक भिजवून ठेवलीयस ना' झाले.

आता ग्रंथालयाची जुनी पद्धत सांगायला हवी. बाहेर वाचायची खोली, कार्डांची कपाटं, मावशींचं टेबल. आतल्या मोठ्या खोलीत सगळी पुस्तकं. मधे एक जाड सागवानी दार, राखाडी रंग दिलेलं, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'विद्यार्थ्यांना आत प्रवेश नाही'. किल्ली ग्रंथपालसाहेबांच्या खिशात. आपण कार्ड शोधायचं, चिठ्ठी भरायची, आणि ती घेऊन तांडेल नावाचे शिपाई आत जायचे. तांडेल वर्सोव्याचे, उमदा माणूस, पण गुडघ्यानं बेजार. मागितलेलं पुस्तक वरच्या खणात असलं की ते खालच्या खणातलं घेऊन यायचे. "तुमचं वर हाय. हे त्याच्याच खालचं. वाचून बघा, हे पण जाडच हाय." मागच्या बॅचच्या कित्येकांनी तांडेलांच्या गुडघ्याला झेपेल तेवढ्याच विषयात पदवी घेतली होती.

मावशींना हे दार सहन व्हायचं नाही. पुस्तक मागायला ते आधी माहीत पाहिजे आणि माहीत व्हायला ते आधी दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बरीच वर्षं साहेबांच्या मागे भुणभुण लावून त्यांनी शेवटी एक वर्षाची परवानगी मिळवली होती, ती नेमकी आमच्या वर्षी. दार वर्षभर उघडं राहील, नवे विद्यार्थी आत जातील, स्वतः पुस्तक काढतील. पण वर्षाअखेर पुस्तकांची मोजदाद होईल तेव्हा पुस्तकं कमी भरली, तर दार कायमचं बंद आणि मावशींनी पुन्हा हा विषय काढायचा नाही. साहेब वाईट नव्हते. ते फक्त पुस्तकांना जपत होते आणि आम्हाला ओळखत होते.

पहिल्याच आठवड्यात मावशींनी आम्हा नव्या पोरांचा एक तास घेतला. तोही उभ्यानं, कारण बसायला एक लांब टेबल द्या म्हणून त्या मागून मागून थकल्या होत्या आणि टेबल काही येत नव्हतं. आम्हाला वाटलं आता नियम सांगतील. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक प्रश्न दिला. मला विचारलं, निळी-काळी शाई लिहिताना निळी असते, मग दुसऱ्या दिवशी काळी का दिसते? माझ्या शेजारी बोरिवलीचा परब होता, फिजिक्सचा. त्याला विचारलं, ताज्या मासळीला जो वास नसतो तो शिळीला कुठून येतो?

"बाई, मी फिजिक्सचा," परब म्हणाला.

"मासे खाता ना?"

"खातंय," गडबडला की परब मालवणीत जायचा.

"मग झालं. उत्तर आत आहे. मला विचारू नका, मला माहीत नाही."

हे धडधडीत खोटं होतं. त्यांना माहीत असायचंच. पण "मला माहीत नाही" हे वाक्य त्या इतक्या आनंदानं म्हणायच्या की समोरच्यालाही आपल्याला काही माहीत नसल्याचा आनंद व्हायचा. आणि एक नियम होता. पुस्तक सापडलं की त्याच्या डावीकडचं आणि उजवीकडचंही काढून बघायचं. "शेजार बघितल्याशिवाय घर घेता का तुम्ही?" असं विचारायच्या. आमच्यातल्या कुणीच अजून घर घेतलेलं नव्हतं, पण आम्ही बघायचो.

शाईचं पुस्तक मला सापडलं, आणि त्याच्या उजवीकडे कापडाच्या रंगांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. मी ते नियम म्हणून उघडलं आणि उभ्याउभ्या पाय दुखेपर्यंत वाचलं. नीळ. बाबांच्या नखांत जन्मभर बसलेली निळाई. टाकीतून कापड निघतं तेव्हा ते पिवळट हिरवं असतं आणि डोळ्यांदेखत निळं होत जातं, हे बाबा आम्हाला लहानपणी जादू सांगावी तसं सांगायचे. ती जादू तिथे अख्खी मांडून ठेवलेली होती. मी घरी जाऊन गॅलरीत बाबांच्या पुढ्यात पाठकोऱ्या कागदावर तो रेणू काढला आणि म्हटलं, हवेतला ऑक्सिजन लागला की निळा होतो. बाबा बराच वेळ बघत होते. "एवढासाच होय हा?" म्हणाले. मग म्हणाले, "आम्हाला वाटायचं, खात्यातल्या साहेबाची नजर लागून होतो." गिरणी बंद पडल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले होते. मी पुढे रंगांच्या रसायनातच राहिले, अजूनही त्यातच आहे. चिठ्ठीवर त्या पुस्तकाचं नाव मी कधीच लिहिलं नसतं, कारण असं पुस्तक असतं हेच मला माहीत नव्हतं.

वर्ष छान गेलं, मोजदाद आली आणि आमची वाट लागली. पुस्तकं कमी भरली. एखाददुसरं नाही, चांगली टोपलीभर, आणि सगळी नेमकी परीक्षेला लागणारी. साहेब मावशींच्या टेबलाशी आले. त्यांना आनंद झालेला नव्हता हे मला आजही कबूल करावं लागेल. "मी म्हटलं होतं," एवढंच बोलले. "शनिवारी दार लावून टाकू."

मावशी त्या दिवशी बसमध्ये माझ्याशी कणकेबद्दलही बोलल्या नाहीत. मुलुंड यायच्या जरा आधी म्हणाल्या, "चोर पुस्तक पळवतो तो विकायला. ही पुस्तकं कुणी विकत घेणार नाही. मग ती गेली कुठे?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कुतूहल वाटत होतं, आणि त्याच वेळी डोळे भरून आलेले होते. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण पुस्तकं कुठे गेली याची थोडीफार कल्पना आम्हा सगळ्यांनाच होती.

तो आमच्यातला रिवाजच होता. ही पुस्तकं घरी न्यायला मिळायची नाहीत. मग परीक्षा जवळ आली की जो तो आपलं लाडकं पुस्तक दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून भलत्याच विषयाच्या खणात, उभ्या पुस्तकांच्या मागे आडवं ठेवून द्यायचा. याला आम्ही 'पुस्तक झोपवणं' म्हणायचो. परीक्षेनंतर उठवायचं असायचं, पण परीक्षेनंतर कोण आठवण ठेवतो?

दुसऱ्या दिवशी मावशींनी आम्हा सगळ्यांना कार्डांच्या कपाटांपाशी गोळा केलं. "कुणी केलं हे मला नकोय," त्या म्हणाल्या. "मला एवढंच समजून घ्यायचंय, की एखाद्याला पुस्तक लपवायचं असेल तर तो डोक्यात काय विचार करेल?" सगळे चपला बघायला लागले. शेवटी परबनं घसा खाकरला. "समजा बाई. समजा हं. एखादा फिजिक्सवाला असेल, तर तो फिजिक्सवाला जिथे मेला तरी जाणार नाही तिथे ठेवेल."

"म्हणजे कुठे?"

"समजा, प्राणिशास्त्रात."

मग धरण फुटलं. समजा केमिस्ट्रीची मुलगी असेल तर हात पोचेल इतक्याच उंचीवर ठेवेल. समजा विसराळू असेल तर पंखा, खिडकी, मोडकी खुर्ची असली खूण बघून ठेवेल. समजा गणितवाला असेल तर तो काही विचारच करणार नाही, सगळ्यात धूळ असलेला खण निवडेल. इतके 'समजा' आले की आता गुन्हेगार नसलेला एकही उरला नाही. मावशी टिपून घेत होत्या, मान डोलावत होत्या, "मग?" "आणि ते का?" विचारत होत्या. शिकवणाऱ्या सरांनी आमचं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

आणि आम्ही आत शिरलो. केमिस्ट्रीवाले गणितात, गणितवाले वनस्पतीत, परब गुडघे टेकून प्राणिशास्त्रात. पुस्तकं निघायला लागली. तांडेल दारात खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक पुस्तकाला "आला, आला, अजून एक आला" असं म्हणत राहिले, जाळ्यात पापलेट यावं तसं. मधेच परब दिसेना. तो दोन मांडण्यांच्या मधे फतकल मारून माशांच्या कानांवरचं काहीतरी वाचत होता. "अगं, माशांना ऐकू येतं," म्हणाला, "आणि आपण त्यांच्यासमोर काय काय बोलतो." मावशींनी त्याला उठवू दिलं नाही. शनिवार उद्यावर आलेला होता, तरी नाही.

हरवलेलं प्रत्येक पुस्तक मिळालं. वर एक जास्तीचं मिळालं. फिजिक्सच्या खणात मागे झोपवलेलं, वनस्पतीशास्त्राचं, पिवळं पडलेलं, इतकं जुनं की यंदाच्या हरवलेल्यांत त्याचं नावच नव्हतं. आता साहेब स्वतः याच विद्यापीठाचे, वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी. त्यांच्या वेळी दार नव्हतं. पुस्तकं हरवायला लागली म्हणून ते मागाहून बसवलं. शनिवारी मावशींनी सगळा ढीग त्यांच्यापुढे ठेवला आणि हे जुनं पुस्तक वर ठेवून म्हणाल्या, "हेही मिळालं, साहेब. फिजिक्समध्ये होतं."

साहेबांनी ते हातात घेतलं, पानं चाळली आणि आपल्याच नादात म्हणाले, "खिडकीच्या बाजूला, खालून दुसऱ्या खणात."

खण कुठला हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. साहेबांचे कान लाल होत गेले. मी मावशींकडे पाहिलं. समोर आयता प्रश्न वाढून ठेवला होता आणि या बाईनं आयुष्यात पहिल्यांदाच तो विचारला नाही. त्या फक्त चष्मा पुसत बसल्या. "राहू दे दार उघडं," साहेब म्हणाले आणि पुस्तक घेऊन आपल्या खोलीत गेले. ते पुस्तक त्यांनी दुपारभर वाचलं, असं तांडेल सांगत होते.

साहेबांचा विचार बदलायच्या आत मावशींनी सोमवारी सुतार बोलावून दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. ते कुठे गेलं हे कुणालाच कळलं नाही. पुढच्या वर्षी वरून पत्रक आलं की सगळ्या ग्रंथालयांनी पुस्तकांची खोली बंद ठेवावी, तेव्हा साहेबांनी माळे पाहिले, गोदाम पाहिलं, गच्ची पाहिली. मग मावशींना विचारलं, "दार कुठंय?"

"ग्रंथालयातच आहे, साहेब. बाहेर गेलेलं नाही. कशासाठी हवंय?"

साहेब आपल्या खोलीत परत गेले. नवं दार मंजूर व्हायला सरकारी कामात जेवढी वर्षं लागतात तेवढ्यात ते निवृत्त झाले आणि पत्रकही विसरलं गेलं.

त्याच सुमाराला मावशींना हवं होतं ते लांब टेबल कुठून तरी मिळालं. त्यावर त्यांनी एक जुनं हिरवं कापड घातलं आणि नव्या पोरांचा तास बसून व्हायला लागला. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला, मदतीला असायचे. त्या टेबलाला एका कडेला भोक होतं, कापडाखालून लागायचं, आणि पोरांच्या पेन्सिली कापडाच्या फाटक्या जागेतून त्यात घसरायच्या. मला वाटायचं, दिव्याच्या वायरसाठी केलेलं असेल. पेन्सिल गेली की मावशी समाधानानं म्हणायच्या, "शोधा."

पुढे मी तिथेच शिकवायला लागले. मावशी निवृत्त झाल्या, काका गेले, मग त्या खूप थकल्या. मी संध्याकाळी वर जाऊन बसायचे आणि दर वेळी म्हणायचे, मावशी, आता तरी सांगा, दार कुठंय. त्या डोळे मिटूनच विचारायच्या, "कशासाठी हवंय?" मी म्हणायचे, "नुसतंच." "मग नुसतंच शोध," म्हणायच्या. मावशी गेल्या आणि वरच्या घरात दुसरी माणसं राहायला आली. ती भली आहेत, मागितली की साखर लगेच देतात. मला ते अजून पटत नाही.

कार्डांची कपाटं गेली, कंप्युटर आले, पण नव्या पोरांचा तास मी त्याच टेबलावर घेते. आजवर कापड फाटलं की जुन्यावरच नवं घालत आले होते, पण यंदा सगळ्यांच्याच पार चिंध्या झाल्या होत्या म्हणून पोरं यायच्या आधी मी नवीन कापड घेऊन गेले आणि जुनी सगळी ओढून काढली. खाली राखाडी रंग होता. कडेला बिजागऱ्यांच्या खाचा, त्यांच्या समोरच्या कडेला कुलपाचं भोक. आणि मधोमध, कोपरं घासून घासून पुसट झालेली पांढरी अक्षरं, 'विद्यार्थ्यांना आत प्रवेश नाही'. इतक्या वर्षांच्या इतक्या पोरांनी त्यावर पुस्तकं उघडून ठेवली होती. धावत दुसऱ्या मजल्यावर जाऊन सापडलं म्हणून सांगावंसं वाटलं, आणि सांगायला कुणी नाही हे कळून रडूच आलं.

पोरांचा आवाज आला तसं मी घाईघाईनं नवं कापड घातलं, डोळे पुसले. सगळी येऊन बसली. एका मुलीनं कोपर टेकलं, तिला कापडाखाली खोलगट लागलं. तिनं बोटानं चाचपून पाहिलं.

"मॅडम, इथे भोक कशाला आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कापडाचं टोक धरून हळूच उचलायला लागली. मी तिला थांबवलं नाही.